खानदेशातल्या माणसानं हिमालयातल्या उंच तळ्यांचा ट्रेक एकट्यानं करावा का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही भुसावळचे, वय २६, आजवर तोरणमाळच्या पलीकडे डोंगर पाहिलेला नाही, आणि आता पाठीवर तंबू घेऊन एकट्यानंच हिमालयातल्या तळ्यांकडे जायचं मनात आहे. उन्हात वाढलेलं शरीर टिकेल का, सॅक कुठली घ्यावी, खर्च किती, आणि घरचे ‘एकटा जाऊ नको’ म्हणतात ते बरोबर आहे का. पहिली तिन्ही उत्तरं झटपट देतो, कारण मला बोलायचंय ते चौथ्यावर.

शरीर टिकतं. ४५ डिग्रीत केळीच्या बागेत राबलेला माणूस आणि पुण्यात एसीत बसलेला माणूस, दोघांनाही सव्वाचार हजार मीटरवर सारखाच दम लागतो. तिथं हवेचा दाबच समुद्रकाठच्या साठ टक्क्यांवर आलेला असतो, तो तुमचं गाव विचारत नाही. ३,००० मीटरच्या वर गेलात की मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस बसून काढायचा. सॅक कुठल्याही कंपनीची चालेल, कमरेचा पट्टा नीट बसला पाहिजे. खर्च तुम्ही तंबू भाड्यानं घेता की विकत, यावर आहे.

आता चौथं.

मी साक्री तालुक्यातला. २०१७ च्या सप्टेंबरअखेरीस दहा दिवसांची रजा टाकून एकटा हिमाचलातल्या धौलाधार रांगेत गेलो होतो. भुसावळहून झेलम एक्स्प्रेसनं पठाणकोट, तिथून बसनं धर्मशाळा, पुढं करेरी गाव, करेरीचं तळं, मिनकियानी खिंड आणि खिंडीपलीकडचं लम डल. डल म्हणजे तळं, लम म्हणजे लांब. तयारी म्हणून पावसाळाभर दर रविवारी पाठीवर चौदा किलो घेऊन भामेरचा किल्ला चढत होतो, दोनदा साल्हेर केला. पाय तयार झाले. पण साल्हेरचा माथा १,५६७ मीटर, आणि करेरी गावच त्याहून उंच आहे. आपल्याकडचा सगळा डोंगर जिथं संपतो त्याच्या वरून तिथली पहिली पायवाट सुरू होते, हे डोक्यात ठेवून जा.

करेरीत मी एक रात्र राहिलो आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून एकच गोष्ट चारचौघांना विचारली: गद्दी लोकांचे कळप खिंड उतरून यायला लागले का? गद्दी म्हणजे तिकडचे मेंढपाळ. उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन चंबा-लाहौलकडच्या कुरणांत जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात धौलाधारच्या खिंडी ओलांडून कांगड्यात उतरतात. टपरीवाला म्हणाला, दोन दिवसांपासून येतायत. मी म्हणालो, मग मी जातो.

हे मला कोणी शिकवलं, तर थेलाऱ्यांनी, म्हणजे आमच्याकडच्या फिरत्या मेंढपाळांनी. मी लहान असताना सुगी उरकली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट सगळा तळ, आमच्या रानात उतरायचा. रात्री मेंढरं शेतात बसवायची, आम्हाला लेंडीखत, त्यांना बाजरी. त्यांच्यातले एक बाबा मला सोबत फिरवायचे. लेंडी बोटानं फोडून कळप कधी गेला ते सांगायचे. कुत्र्याच्या आणि मेंढीच्या मध्ये कधी जायचं नाही, कुत्रा आला तर पळायचं नाही, ओझं खाली ठेवायचं आणि माणसाला हाक मारायची, हे त्यांनी मी दहा वर्षांचा असताना मला शिकवलं. काका बांधावरून ओरडायचे, ‘तुले आठे काय कमी शे?’ त्यांच्या लेखी मेंढ्यांमागं हिंडणं म्हणजे वाया जाणं.

करेरीचं तळं २,९३४ मीटरवर आहे, काठावर महादेवाचं मंदिर. तिथं दोन रात्री काढल्या, मग वर साडेतीन हजारांच्या आसपास एका सपाटीवर एक. त्या सपाटीवर मी तुरीची डाळ शिजवायला घेतली. दीड तास उकळली, दाणा दाताखाली तसाच. उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं, हे शाळेत लिहिलं होतं, कळलं ते अर्धा डबा गॅस जाळल्यावर. आईनं बांधून दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी यांवर पुढचे दिवस निघाले. तुम्ही डाळ नेऊ नका, पोहे आणि सातूचं पीठ न्या.

खिंडीच्या दिवशी पहाटे निघालो. अकराच्या सुमारास ढग खालून वर आले. आपल्याकडे ढग वरून येतात, तिकडे दरीतून चढतात आणि पाच मिनिटांत पायाखालचा दगडही नीट दिसत नाही. मग गारा. वाट दाखवणाऱ्या दगडांच्या उतरंडी दिसेनाशा झाल्या आणि मी चुकीच्या घळीत शिरलो. तासभर चढलो असेन. पुढं सरळ कडा. तेव्हा भीती वाटली, हे स्वच्छ सांगतो. हात थरथरत होते आणि सॅकची चेन उघडत नव्हती.

मी बसलो. दशमीचा तुकडा खाल्ला आणि आलो तसाच उतरायला लागलो. घळीच्या तोंडाशी दगडांत लेंड्या दिसल्या. हातमोजा काढून एक फोडली. आतून ओली, हिरवी. म्हणजे कळप त्याच सकाळी गेलेला. लेंड्यांच्या मागं-मागं अर्धा तास उतरलो. मग एक सपाट दगड दिसला, वरून पांढुरका आणि हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत. मेंढपाळ अशा दगडांवर मेंढ्यांना मीठ घालतात, चाटून-चाटून दगड तसा होतो. असा दगड दिसला की डेरा जवळ असणार.

कुत्रे आधी आले. दोन, काळे, गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे, बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून. मी उभा राहिलो, सॅक खाली ठेवली, हाक मारली. ढगातून शीळ आली आणि कुत्रे बसले. मागून लोकरी चोला घातलेला, कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढेच वेढे घेतलेला म्हातारा आला. म्हणाला, ‘आज ऊपर मत जाना.’ त्याच्या कपारीत रात्र काढली. त्यानं मक्याची रोटी दिली, मी दशमी आणि चटणी दिली. चटणी त्याला तिखट लागली, तरी त्यानं दोनदा घेतली.

सकाळी आकाश धुतल्यासारखं होतं. त्यानं हातानं वाट दाखवली, साडेनऊला मी खिंडीत होतो आणि दुपारी लम डलवर. तळं काळंनिळं, लांबलचक, काठावर एक झाड नाही. वारा पाण्यावरून फिरला की या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ सरकत जायची. मी तिथं दोन तास बसलो आणि त्या दोन तासांसाठी पुन्हा तेवढंच चालायची माझी तयारी आहे.

आता काका. गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, पंगतीत मला ऐकवतात: तो म्हातारा भेटला नसता तर? आणि पुढं: त्यानंच वाचवलं, मग तू एकटा गेलास कुठं? काका, तो ‘भेटला’ नाही. तो त्या आठवड्यात त्या वाटेनं येणार, हे मी खाली विचारून घेतलं होतं. लेंडी ओळखता येत होती, कुत्र्यासमोर उभं राहता येत होतं, म्हणून त्याच्यापर्यंत पोहोचलो. आणि हे सगळं मी शिकलो ते आपल्याच रानात, ज्या माणसांना तुम्ही बांधावरून हाकलायचात त्यांच्याकडून. एकट्यानं जाणं म्हणजे माणसं नकोत असं नाही. गटात गेलेला माणूस वाटेत कोणाशी बोलत नाही, त्याचे लोक त्याच्याबरोबरच असतात. एकट्याला बोलावंच लागतं.

आणि गट म्हणजे सुरक्षित, हेही मला मान्य नाही. त्याच सपाटीवर पाच मित्रांचा एक गट होता. एकाला उंची बाधलेली, रात्रभर उलट्या आणि डोकेदुखी, तरी सकाळी कोणी ‘खाली जाऊ’ म्हणेना, कारण प्रत्येकजण दुसऱ्यानं म्हणायची वाट बघत होता. शेवटी मीच बोललो, तेव्हा ते उतरले. एकटा असताना आपल्याला काय होतंय हे कोणापासून लपवायचं नसतं.

थोडं राहिलं. पहिल्याच खेपेला खिंडीत जाऊ नका, करेरीच्या तळ्यापर्यंत जा आणि परत या. जुलै-ऑगस्टात तिकडे फिरकूच नका, धर्मशाळेचा पाऊस आपल्या कल्पनेबाहेरचा आहे. गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, धर्मशाळेच्या वरच्या मॅक्लोडगंजला घ्या. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात बेकायदा आहे, कोणी ‘घेऊन जा’ म्हटलं तरी नेऊ नका. पोलिसांकडे नोंद करूनच निघा, ट्रेकचे नियम मोसमाप्रमाणे बदलतात. डोकेदुखीबरोबर उलटी झाली तर त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी.

आणि घरी खरं सांगून जा. मी सांगितलं नव्हतं. मित्रांबरोबर जातोय म्हणालो होतो, आणि काकांच्या बोलण्यात जे काही खरं आहे ते एवढंच आहे. सात दिवस फोन लागला नाही, आई जेवत नव्हती. परत आल्यावर गच्चीवर तंबू वाळत घालताना मी सगळं सांगितलं. आई रडली, काका त्या दिवशीच सुरू झाले. दादा काही बोलले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर त्यांनी एकच विचारलं, त्या बाबाच्या मेंढ्या किती होत्या. मी म्हणालो, तीनशे-साडेतीनशे. ते म्हणाले, ‘मग एकट्याचा वाडा नसेल, दोघा-तिघांचा असेल. बाकीचे कुठं होते?’ मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं.