रोजचे खाणे लिहूनही वजन उतरत नसेल, तर नोंद ठेवणे सोडून द्यावे का?

तीन आठवडे मोबाईलमधल्या ॲपवर रोजचे खाणे लिहूनही काटा हललेला नाही, तेव्हा दुसरे ॲप घ्यावे की हा नाद सोडावा, असे तुम्ही विचारले आहे. आणि जाता जाता लिहिले आहे की सासरी सगळे यावरून बोलतात. त्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले. नोंद सोडू नका. कोणते ॲप घ्यावे, याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही, कारण माझे काम दोनशे पानी वही आणि ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा एवढ्यावर झाले.

2018 च्या पावसाळ्यात माझी उंची 155 सेंटीमीटर आणि वजन 74 किलो होते. दुपारी दोन पोळ्या आणि रात्री एक भाकरी, याहून जास्त मी काहीही खात नाही, असे मी आहारतज्ज्ञ बाईंना अगदी मनापासून सांगितले होते. त्यांनी वाद घातला नाही. पंधरा दिवस तोंडात जाईल ते सगळे लिहा, आणि रात्री आठवून नव्हे तर खाण्यापूर्वी लिहा, एवढेच त्या म्हणाल्या.

चौथ्या रात्री मला माझे उत्तर सापडले. सगळ्यांची जेवणे झाल्यावर भांडी घासायला टाकण्यापूर्वी मी ओट्याशी उभी होते. पातेल्यात डावभर भात उरला होता, मुलाच्या ताटात अर्धी पोळी होती आणि कढईच्या तळाशी तेल सुटलेली दोन चमचे उसळ होती. हात सवयीने त्या भाताकडे गेला आणि वही आठवून थांबला. तो भात, ती पोळी आणि ती उसळ मिळून सुमारे 200 कॅलरी होत होत्या, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून मी हे वर्षानुवर्षे उभ्याने खात आले होते, पण त्याला जेवण मानले नव्हते. मी वहीत ‘उरलेले’ असा वेगळा रकाना आखला, आणि पहिल्या सात दिवसांत तो सहा रात्री भरला.

तेलाचे गणित त्याहून बोलके निघाले. फोडणीचे तेल रोज मोजणे मला जमेना, म्हणून पाच लिटरच्या नव्या डब्यावर मी मार्करने तारीख लिहिली. चार माणसांत तो 27 दिवसांत संपला. म्हणजे माणशी दिवसाला 46 मिलिलिटर, वजनात जवळपास 42 ग्रॅम, आणि स्निग्धाच्या प्रत्येक ग्रॅममागे 9 कॅलरी धरल्या तर सुमारे 380 कॅलरी. तळणीतून बाजूला काढलेले तेल वजा केले, तरी हा आकडा लहान राहत नाही. ‘एक वाटी भाजी’ एवढेच लिहिणाऱ्या कोणत्याही ॲपला तुमच्या घरची फोडणी कळणे शक्य नाही.

त्याच वर्षी दिवाळीला आम्ही कराडजवळच्या गावी गेलो होतो. फराळाच्या वेळी मी बेसनाचा लाडू काट्यावर ठेवला, तो 40 ग्रॅम भरला, आणि मोठ्या जाऊबाई भरल्या घरात म्हणाल्या, “आमच्या घरात कुणाचे घास मोजायची रीत नाही.” सगळे गप्प झाले. तो लाडू मी खाल्ला नाही, आणि ते वाक्य आजही माझ्या मनातून गेलेले नाही. घास मोजू नयेत ही शिकवण मलाही माहेरी मिळाली आहे. पण ती आपल्याकडे पानावर बसलेल्या माणसासाठी आहे, त्याने संकोच न करता पोटभर जेवावे यासाठी आहे. ज्या घरात धान्य पायलीने आणि दूध मापाने मोजून घेतले जाते, त्या घरातल्या बाईने स्वतःच्या ताटाचा हिशेब ठेवला तर त्यात कद्रूपणा कुठून आला? तुमच्या घरी कोणी असे बोलले, तर हेच सांगा. मला त्या दिवशी ते सुचले नव्हते.

नोंद ठेवणाऱ्यांना फायदा होतो, हे केवळ माझे म्हणणे नाही. 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 1,700 जणांच्या अभ्यासात रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरले होते. त्याआधी 1992 मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी, कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्यांचा एक लहान गट तपासला, तेव्हा ती माणसे खरोखर खात होती त्यापेक्षा सरासरी 47 टक्के कमी खाणे लिहीत होती. मी ते वाचले तेव्हा मला रडू आले, कारण ती माणसे खोटे बोलत नव्हती आणि मीही बोलत नव्हते.

तेव्हा तुमच्या तीन आठवड्यांच्या नोंदी पुन्हा पाहा. शिजलेल्या पदार्थाऐवजी कोरडा जिन्नस मोजा: 500 ग्रॅम कणकेच्या 18 पोळ्या झाल्या, तर एका पोळीत सुमारे 28 ग्रॅम कणीक असते, आणि कोरड्या जिन्नसांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये काढलेल्या तक्त्यांत मिळतात. चहातली साखर लिहा. उपवासाचा दिवस तर अवश्य लिहा. 75 ग्रॅम साबुदाणा, 30 ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप यांची खिचडीच 500 कॅलरींच्या वर जाते, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. शिवाय पाळीच्या आसपास अंगात पाणी साचून काटा किलो-दीड किलो वर दिसतो, म्हणून एकाच दिवसाच्या वजनावरून निष्कर्ष काढू नका. मला 65 किलोवर यायला चौदा महिने लागले.

हे खरे तर आधी सांगायला हवे होते: तुम्ही मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणे कमी करू नका. आणि उपाशी राहण्याचा किंवा खाऊन उलटी काढण्याचा त्रास पूर्वी कधी झाला असेल, तर आकड्यांची ही वही तुमच्यासाठी नाही.

तसे काही नसेल, तर तेलाच्या पुढच्या डब्यावर तारीख घाला आणि तो संपला की इथेच लिहा. भागाकार मी करून देईन.