पहिलीला गोष्टीतून अक्षरं: सुरुवातीला एवढंच

पहिले दोन आठवडे बाराखडीचा तक्ता गुंडाळूनच ठेवा. चिऊ-काऊची गोष्ट रोज सांगा. मुलं कंटाळत नाहीत, कंटाळतो आपण. 'घर मेणाचं, घर शेणाचं' इथे थांबा. मेण, शेण... काय बदललं? आधी कानाने ओळखू द्या, मग म आणि श कार्डावर दाखवा. (कोरा कार्डशीट पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळेल, छापील तक्ते नकोत.)

नेहमीच्या चुका:
- दिवसाला चार-पाच अक्षरं. दोन पुरेत.
- घ आणि ध पाठोपाठ. दिसायला सारखे, हमखास गोंधळ.
- चिमणीचा च आणि चुलीचा च एकत्र. अक्षर एक, उच्चार दोन, चुलीचा नंतर.

घरी हिंदी बोलणारी मुलं 'बाळ'चं 'बाल' करतात. टोकू नका, 'थांब, माझ्या बाळाला...' हे पालुपद सगळ्या वर्गाकडून म्हणवून घ्या. जोडाक्षरांचं दिवाळीनंतर बघू.