वडील वारलेल्या १० वर्षांच्या मुलाला ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ हा सिनेमा दाखवावा का?

दाखवा. वयाचं म्हणाल तर परदेशात तो १२-१३ वर्षांच्या पुढच्यांसाठी धरतात, पण ज्या पोराच्या घरातलंच माणूस गेलंय त्याला तो आकडा लावण्यात काही अर्थ नाही.

एवढंच लिहून थांबणार होते. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ते वाचलं. पुतण्या शाळेत मारामाऱ्या करायला लागलाय, घरात वस्तू फोडतो, आणि ‘बिचाऱ्याचे वडील गेलेत’ म्हणून त्याला कुणी काही बोलत नाही. वहिनी आणि आजी म्हणतात की असला सिनेमा बघून तो कोलमडेल. आमच्या घरात हेच झालंय. त्यावरून माझं आणि थोरल्या दादाचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

माझी आक्का स्तनाच्या कॅन्सरनं गेली. दाजी शिरोलीला फौंड्रीत, शिफ्ट फिरती, त्यामुळे भाचा आजोळीच, म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरी. तेव्हा चौथीत होता. सबंध आजारपणात त्याला सांगितलं काय, तर आईला कावीळ झालीय. केस गेले तेव्हा ‘औषधाची उष्णता’. हे दादाचं फर्मान होतं, पोराला काय कळतंय म्हणून. पोराला सगळं कळत होतं. चौथीतलं पोरगं दवाखान्याची फाईल उघडून एकेक इंग्रजी स्पेलिंग जुळवत बसायचं आणि आमची चाहूल लागली की मिटवून जागेवर ठेवायचं. मी दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, फाईल वरच्या फळीवर ठेव.

रक्षाविसर्जनाला त्याला नेलंच नाही. भिईल म्हणे. सगळी भावकी, गल्ली, फौंड्रीतले लोक, शाळेच्या बाईसुद्धा पंचगंगेवर, आणि ज्याची आई गेली तो तेवढा शेजाऱ्यांच्या घरी कार्टून बघत बसलेला. मी बोलले. पण त्या दिवशी घरात पुरुष माणसं ठरवत होती आणि बायका चहाचं बघत होत्या.

मग लाड सुरू झाले. मागेल तो मोबाईल गेम, रोज संध्याकाळी दादाच्या गाडीवरून गंगावेशीत कट्ट्यावर दूध. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, दादाचा जीव आहे त्याच्यावर. पण वर्गातल्या एका पोराला त्यानं ओठ फुटेपर्यंत मारलं तेव्हा शाळेतून निरोप काय आला? ‘असू दे, आई नाही त्याला.’ आणि एके दिवशी त्यानं दादाचं शोकेस फोडलं. दादा तरुणपणी पेठेच्या संघातून फुटबॉल खेळायचा, त्या शिल्ड आणि कप ठेवलेलं काचेचं शोकेस. आमच्याकडं त्या शोकेसला हात लावायची माझी कधी छाती झाली नाही. आणि दादा म्हणतो, ‘असू दे रे. काच तर हाय.’

मी झाडू आणून पोराच्या हातात दिला. काच तूच भरायचीस म्हटलं, पायात चप्पल घाल आणि भर. दादा माझ्या अंगावर ओरडला, ‘आईविना पोराच्या हातात झाडू दिलास? माणूस हाईस का कोण?’ त्यानंतर दसऱ्यापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. वैनीच्या तोंडून निरोप यायचे.

पण काच भरताना पोरगं मला काय म्हणालं ते दादानं ऐकलं नाही. हळूच म्हणाला, ‘मारणार न्हाईस?’ मी नाही म्हटलं तर चेहरा उतरला त्याचा. ते तेव्हा मला उलगडलं नाही. सिनेमा बघितल्यावर उलगडलं.

एक मैत्रीण शाहू स्मारकला मुलांना सिनेमे दाखवणाऱ्यांच्यात असते, तिनं नाव सुचवलं. २०१६ चा सिनेमा, दिग्दर्शक बायोना नावाचा स्पॅनिश माणूस. कादंबरी आणि पटकथा दोन्ही पॅट्रिक नेसची, पण मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. ती स्वतः स्तनाच्या कॅन्सरनं २००७ मध्ये गेली, पुस्तक लिहायचं राहून गेलं, ते नेसनं पुरं केलं. त्यामुळे यात आजाराबद्दल कुठं गुळगुळीतपणा नाही. इंग्लंडातला एक मुलगा, आई आजारी, बाप अमेरिकेत दुसरा संसार थाटून बसलेला, आजी कडक. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी खिडकीतून दिसणारं स्मशानातलं यू नावाचं झाड उठून त्याच्याकडं येतं. मी तुला तीन गोष्टी सांगणार, चौथी तू मला सांगायची, आणि ती खरी पाहिजे, असा त्याचा हुकूम.

आता तुमच्या पुतण्याच्या मारामाऱ्यांचं. सिनेमातला मुलगाही आजीची बैठकीची खोली फोडून टाकतो, शाळेत एकाला बदडतो. आणि दोन्ही वेळा मोठी माणसं म्हणतात, तुला शिक्षा करून काय उपयोग. तिथं त्या पोराचा चेहरा बघा. त्याला सुटल्याचा आनंद होत नाही. त्याला शिक्षा हवी असते. आपण काहीतरी भयंकर केलंय असं त्याला आतून वाटत असतं, ते कुणाला सांगता येत नाही, मग कुणीतरी एकदाची शिक्षा करून मोकळं करावं म्हणून तो फोडत सुटतो. आणि घरचे सगळे गोड बोलत बसतात. माझ्या झाडूला कठोरपणा म्हणणाऱ्यांनी तेवढीच दहा मिनिटं बघावीत.

ते भयंकर काय ते शेवटी कळतं, आणि तुम्हाला दाखवायचा की नाही हे ठरवायचंय म्हणून सांगून टाकते. स्वप्नात आई कड्यावरून पडत असते आणि तो तिचा हात सोडतो. अजून धरता आला असता, तरी सोडतो. कारण रोज रोजचं ते दुखणं बघणं त्याला संपायला हवं असतं. आई जावी असं त्याला वाटत नाही आणि हे सगळं संपावं असंही वाटतं, दोन्ही एकदम. झाड त्याला सांगतं की या दोन्ही गोष्टी एका मनात मावतात, आणि मनात आलं म्हणजे तू ते केलंस असं होत नाही.

मी भाच्याला एका रविवारी दुपारी दाखवला. सिनेमा इंग्रजी, मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. आईला नवीन औषध सुरू होतं आणि ते यूच्या झाडापासून बनतं असं येतं, तिथं त्यानं थांबवायला लावलं. ‘कुठलं औषध?’ मी म्हटलं, पॅक्लिटॅक्सेल. अमेरिकेतल्या यूच्या सालीत ते पहिल्यांदा सापडलं. आपल्या हिमालयात त्याच जातकुळीचं झाड आहे, थुनेर म्हणतात. तो म्हणाला, ‘आईच्या फाईलीत हाय ते.’ आणि स्पेलिंग म्हणून दाखवलं, एक अक्षर चुकलं नाही. मग विचारलं, झाडाचंच औषध होतं तर झाडानं बरं का केलं नाही? सिनेमातला पोरगाही झाडाला हेच विचारतो. झाड म्हणतं, मी तिच्यासाठी आलोच नव्हतो, तुझ्यासाठी आलोय.

चौथ्या गोष्टीनंतर तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘मी पण म्हणलोतो.’

‘काय?’

‘संपू दे म्हणून. अंबाबाईला.’

मी म्हटलं, ‘मी पण म्हणलोतो.’

मग जे रडला ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा रडला. दादा धावत वर आला, टीव्ही बंद केला, पोराला उचलून घेऊन गेला आणि जाता जाता मला ‘रडवलंस पोराला’ म्हणाला. ते वाक्य अजून प्रत्येक सणाला निघतं.

म्हणून इथं लिहून ठेवते. आपण पोरांच्या हातात ‘श्यामची आई’ देतो. त्यात शेवटी आई जाते, पोरं हुंदके देतात, आणि आपण कौतुकानं सांगतो की आमचा बंड्या किती रडला. तिथं कुणी वय विचारत नाही. हाच दादा २००४ साली ‘श्वास’ बघून आल्यावर रात्री जेवला नव्हता. त्या सिनेमात डॉक्टर काय म्हणतो? मुलाची दृष्टी जाणार आहे, आधी त्याला सांगा, मग ऑपरेशन. सगळ्या महाराष्ट्रानं टाळ्या वाजवल्या, सिनेमा ऑस्करला गेला. आणि स्वतःच्या घरात पोराला कावीळ सांगायची! पोरगं कोलमडेल ही भीती बहुतेक वेळा मोठ्यांची स्वतःबद्दलची असते. पोरासमोर आपल्याला रडू आलं तर काय, याची. दादा घाटावरसुद्धा रडला नाही, गंगावेशीत दूध पाजत राहिला.

आता थोडं तुमच्या बाजूनं. तुमच्या पुतण्याचे वडील हार्ट अटॅकनं एका रात्रीत गेले, असं तुम्ही लिहिलंय. हा सिनेमा लांबलेल्या आजारपणाचा आहे. ‘संपू दे’ हे तुमच्याकडं नसणार, तिथला सल वेगळा असेल. त्या दिवशी बाबांशी भांडलो होतो, हाक मारली तेव्हा ओ दिली नाही, असलं काहीतरी. त्यामुळे आमच्याकडं जे झालं तेच तुमच्याकडं होईल असं नाही. झाड दिसायला भीतीदायक आहे, आवाज मोठा आहे (लियाम नीसनचा आहे), तेव्हा दिवसा बघा. आधी तुम्ही एकट्यानं बघा. आणि त्याआधी त्याला बाबा देवाघरी गेलेत याच्या पलीकडं काय झालं ते सरळ शब्दांत सांगा. १० वर्षांच्या मुलाला मेलेलं माणूस परत येत नाही हे कळतं, हृदय बंद पडलं म्हणजे काय तेही कळेल. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, मलाही बाबांकडं जायचंय असं म्हणत असेल तर सिनेमाच्या नादी लागू नका, बालमानसतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

भाचा आता बरा आहे का, असं कुणी विचारेल. मारामाऱ्या कमी झाल्या, फोडाफोड थांबली. सिनेमामुळं की काळामुळं हे मला सांगता येणार नाही, दादा तर दुधामुळं म्हणेल.

वहिनींना आणि आजींना मात्र पोराच्या आधी दाखवा, नाहीतर मधेच येऊन टीव्ही बंद करतील. दादाला मी मागच्या दिवाळीत लिंक पाठवलीय. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.