धर्माचा अभ्यास करायचा आहे, पदवी कोणती घ्यावी?

प्रश्न : मी गंगाखेड तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि यंदा बारावी कला शाखेची परीक्षा दिली आहे. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. आजोबांच्या शेजारी बसून हरिपाठ आणि जनाबाईंचे अभंग म्हणतच मी मोठी झाले. गेल्या वर्षी सहलीत वेरूळ पाहिले आणि एकाच डोंगरात बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी शेजारी शेजारी कशी कोरली गेली असतील, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. मला धर्म याच विषयाची पदवी घ्यायची आहे. वडील म्हणतात, एवढी ओढ असेल तर कीर्तनाचे शिक्षण घे. मामा म्हणतात, अशी पदवी कुठे नसते, मुकाट्याने डी.एड. कर. अशी पदवी खरोखर आहे का? नसल्यास मी काय करावे आणि पुढे पोटापाण्याचे काय?
— एक विद्यार्थिनी, जिल्हा परभणी

उत्तर : वडिलांच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तो चुकीचा नाही, मात्र तो एका वेगळ्या वाटेचा आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली आणि त्या परंपरेत शिकणारा विद्यार्थी ज्ञानेश्वरी व गाथा मुखोद्गत करतो, कीर्तनाला उभे राहायला शिकतो आणि जे मिळाले ते पुढच्या पिढीच्या हाती देतो. विद्यापीठातील अभ्यासक त्याच ज्ञानेश्वरीला निराळे प्रश्न विचारतो. हाती आलेली प्रत किती जुनी आहे, कोणती ओवी मागाहून शिरली, त्या काळच्या नाथपंथाशी आणि महानुभावांशी या ग्रंथाचे नाते काय, तो कोणी ऐकला आणि कोणाला ऐकू दिला गेला नाही, हे ते प्रश्न. ही चिकित्सा परकी आहे असे कोणी म्हणाले तर त्यांना पैठणची आठवण द्यावी. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीतील पाठांचा विचार करून तिची प्रत शुद्ध केली, तेव्हा ग्रंथावरची निष्ठा आणि ग्रंथाची चिकित्सा एकाच माणसाच्या ठिकाणी सुखाने नांदत होत्या. तुमच्या पत्रावरून तुम्हाला दुसऱ्या वाटेने जायचे आहे असे दिसते. पहिली वाट त्यामुळे बंद होत नाही; आजोबांकडून पाठ केलेला हरिपाठ पुढे तुमच्या अभ्यासाचे भांडवलच ठरेल.

आता मामांच्या म्हणण्याविषयी. आपल्याकडील बहुतेक कला महाविद्यालयांच्या विषययादीत ‘धर्माध्ययन’ हे नाव सापडत नाही, एवढ्यापुरते ते बरोबर आहेत. याच्या मुळाशी एक गैरसमजही आहे, असे मला वाटते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि त्यावरून धर्म हा विषयच वर्गात आणू नये असा अर्थ अनेकांनी काढला. परंतु एखाद्या धर्माची दीक्षा किंवा उपासना शिकवणे वेगळे आणि धर्मांविषयी ज्ञान देणे वेगळे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय प्रकरणात २००२ साली मान्य केलेला आहे. म्हणजे अडथळा कायद्याचा नाही. विषय इतर अनेक विषयांत विखुरलेला आहे, ही खरी अडचण आहे. इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, संस्कृत, पाली आणि मराठी या प्रत्येकात धर्माध्ययनाचा एकेक तुकडा आहे आणि तुमची पदवी तुम्हाला या तुकड्यांतून बांधावी लागेल.

ती बांधताना आधी भाषा ठरवा, पदवीचे नाव मागाहून पाहा, असा माझा आग्रह आहे. याचे कारण तुमच्या आसपासच आहे. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा शके १११० मधील विवेकसिंधु वाचायला जुनी मराठी यावी लागते. महानुभावांच्या पोथ्यांसाठी त्यांच्या सकळा लिपीचा परिचय लागतो. देवस्थानांची जुनी दप्तरे मोडी लिपीत असतात. वेरूळची पहिली बारा लेणी बौद्ध आहेत आणि त्यांच्यामागचा विचार मुळातून समजून घ्यायचा तर पाली व संस्कृत हवी. शेवटच्या पाच जैन लेण्यांच्या मागे प्राकृत आहे. खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. हे निजामुद्दीन औलियांचे शिष्य, त्यांचे निधन १३३७ सालचे. त्यांची संभाषणे त्यांच्या शिष्यांनी फारसीत लिहून ठेवली. आणि हिंगोली जिल्ह्यातील नर्सीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, ती तिथल्या रूपात वाचायची तर गुरुमुखी लिपी शिकावी लागेल. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात एवढ्या भाषा आणि लिपी आहेत. भाषांतरावर विसंबणारा अभ्यासक नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो; त्यातून जन्मभर सुटका होत नाही आणि अठराव्या वर्षी जी भाषा सहज बसते ती तिसाव्या वर्षी हट्टाने बसवावी लागते.

तुमचा प्रश्न वेरूळचा आहे, म्हणून मी तुम्हाला मुख्य विषय इतिहास आणि त्याच्या जोडीला पाली सुचवीन. पाली मिळत नसेल तर संस्कृत. केवळ तत्त्वज्ञान घ्या असे मी म्हणणार नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात सिद्धान्त उत्तम शिकवले जातात, पण धर्म सिद्धान्तात जेवढा असतो त्याहून अधिक जत्रेत, नवसात, उपवासात आणि पोथीच्या वाचनात असतो, आणि तो पाहण्याची सवय इतिहास व समाजशास्त्र लावतात. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे. त्याच शहरात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. नागसेन भिक्खू आणि मिलिंद राजा यांचा संवाद ज्या पाली ग्रंथात आहे त्याच्याशी हे नाव जोडलेले आहे, हे तिथे जाल तेव्हा लक्षात ठेवा. मराठी, पाली आणि प्राकृत या तिन्ही भाषांना ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाच वेळी अभिजात दर्जा मिळाला. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन, हव्या त्या भाषेला शिकवणारे प्राध्यापक नेमलेले आहेत ना, तास होतात ना, हे आधीच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. माहितीपत्रकात छापलेला विषय वर्गात असतोच असे नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची (क्रेडिटची) आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी किमान १६० श्रेयांकांची असते. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम विषय, खुले विषय आणि भारतीय ज्ञानप्रणाली असे त्याचे भाग असतात. विद्यार्थी खुल्या विषयांच्या जागी सोपे ते घेऊन मोकळे होतात. तुम्ही मात्र तिथे समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान बसवा. पुढे संशोधन करायचे असेल तर चौथे वर्ष घ्यावे, कारण त्यानंतर एम.ए. एका वर्षात पूर्ण करण्याची सोय धोरणात आहे. घरची परिस्थिती तसे करू देत नसेल तर तीन वर्षांनी थांबण्यात कमीपणा नाही.

या आराखड्यात क्षेत्रप्रकल्पही असतो आणि मला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो. एक उदाहरण देतो. तुळजापूरला दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी कोजागरी पौर्णिमेपर्यंत निद्रा घेते. त्यासाठी पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून निघतो आणि पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. हा पलंग कोणत्या समाजाची माणसे घडवतात, वाटेतल्या गावांत त्याचे स्वागत कोण करते, तो मान कोणाकडे कसा आला, भोपे पुजारी याविषयी काय सांगतात आणि परडी घेऊन आलेली आराधीण काय सांगते, एवढेच प्रश्न घेऊन बसलात तरी एक प्रकल्प भरून उरेल आणि तो कोणत्याही ग्रंथालयातून उतरवता येणार नाही. तुमच्या गंगाखेडलाच जनाबाईंचे स्थान आहे. तेथे कोण येते, कोणते अभंग म्हटले जातात आणि स्त्रिया त्यांतले कोणते निवडतात, ही नोंद तुम्ही याच महिन्यात सुरू करू शकता. मात्र विचारल्याशिवाय कोणाचे बोलणे ध्वनिमुद्रित करू नये, पूजा चालू असताना मोबाइल पुढे करू नये आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना लिहिलेले वाचून दाखवावे. दर्ग्यात, गुरुद्वारात किंवा विहारात जाताना तिथल्या माणसाची श्रद्धा आपल्या आजोबांच्या माळेइतकीच खरी आहे, हे धरून जावे.

महाराष्ट्राबाहेर जाण्याची तयारी असेल तर केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही परीक्षा होते आणि ती मराठीतूनही देता येते. तरीही तुमच्या वयाला आणि परिस्थितीला बी.ए. जवळ आणि एम.ए. दूर, हा क्रम मला बरा वाटतो. पटियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ पासून धर्माध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे, नालंदा विद्यापीठात बौद्ध अध्ययन व तौलनिक धर्म शिकवतात आणि पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययन विभाग आहे. भाषा घेऊन गेलात तर या ठिकाणी तुमचे स्वागत होईल.

उरला पोटापाण्याचा प्रश्न, आणि तो विचारल्याबद्दल तुम्हाला संकोच वाटू नये. महाविद्यालयात शिकवायचे तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटमध्ये तौलनिक धर्माध्ययन, पाली, प्राकृत आणि बौद्ध-जैन-गांधी व शांतता अध्ययन असे विषय आहेत. परंतु प्राध्यापकांच्या जागा थोड्या असतात, म्हणून केवळ त्या आशेवर राहू नका. शाळेत धर्म हा विषय नसतो, बी.एड.ला शालेय विषयाची अध्यापनपद्धती निवडावी लागते आणि मुख्य विषय इतिहास असेल तर ती वाट आपोआप खुली राहते. मी इतिहास सुचवण्यामागे हेही कारण आहे, हे मामांना अवश्य सांगा. याशिवाय हस्तलिखितांची सूची करणे, संग्रहालयातील काम, भाषांतर, पत्रकारिता आणि वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्यांना माहिती देण्याचा परवानाधारक व्यवसाय ही कामे आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील तत्त्वज्ञान या वैकल्पिक विषयात धर्माचे तत्त्वज्ञान हा भागही असतो. शिष्यवृत्तीसाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावरील अर्ज प्रवेशानंतर लगेच भरा. जात आणि उत्पन्नाचे दाखले आत्ताच काढून ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा तौलनिक धर्माचा अभ्यास करू म्हणतो. आमचे घराणे लिंगायत, दरवर्षी कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जाणारे. अशा अभ्यासाने त्याची श्रद्धा जाईल, ही भीती अनाठायी आहे का?
— एक वडील, लातूर

उत्तर : भीती अनाठायी नाही आणि तुमची समजूत घालण्यासाठी मी तसे म्हणणार नाही. अभ्यासात काही गोष्टी हलतात. जे अनादि आहे असे वाटत होते त्याला सनावळी असल्याचे कळते आणि ज्याला आपण केवळ आपले म्हणत होतो ते शेजाऱ्याकडेही सापडते. माझ्या शिकवण्याच्या काळात काही विद्यार्थी श्रद्धेपासून दूर गेलेले मी पाहिले, काही अधिक जाणतेपणाने तिच्याकडे परतले आणि बहुतेकांनी या दोन्हींच्या मधली जागा शोधली. पण एक गोष्ट मात्र मी सर्वांत पाहिली. इतरांच्या श्रद्धेविषयी ते तोंडाला येईल ते बोलेनासे झाले. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या भारुडात दोघे एकमेकांच्या धर्मावर सडकून टीका करतात आणि अखेरीस एकमेकांना नमस्कार करून आलिंगन देतात. मुलाबरोबर हे भारूड एकदा वाचा. आणि त्याला कपिलधारला नेणे थांबवू नका. तो तिथे प्रश्न विचारू लागला तर मन्मथस्वामींचा परमरहस्य हा ग्रंथ दोघांनी मिळून वाचायला घ्या.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे, वय ३६. नोकरी सांभाळून या विषयात काही शिकता येईल का?
— एक शिक्षिका

उत्तर : येईल. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) या दोन्हींचा विचार करा. इग्नूमध्ये जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत प्रवेश होतात. तुमच्याकडे पदवी असल्यास पुन्हा बी.ए. करण्याची गरज नाही, थेट एम.ए.ला प्रवेश घेता येईल. दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून परवानगी दिली असली तरी नोकरी आणि घर सांभाळून तसे करू नका. त्याऐवजी एक पदवी आणि तिच्या जोडीला मोडी लिपीचा अल्प मुदतीचा वर्ग घ्या. तुमच्या गावातील देवस्थानाकडे किंवा एखाद्या जुन्या वाड्यात मोडी कागद असण्याची शक्यता आहे. वाचता येऊ लागले की आधी त्यांची यादी करा आणि कागद जिथे आहेत तिथेच, कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवायला सांगा.