गोष्टींतून मुलांना दया-माया कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षांच्या मुलीला रोज गोष्ट वाचून दाखवता, तात्पर्य विचारता, ते ती घडाघडा सांगते, पण धाकट्या भावाशी वागणं तसंच आहे. माझ्या मते घोळ तात्पर्यातच आहे. ‘सगळ्यांशी प्रेमाने वागावं’ हे उत्तर मुलांना पाठ असतं, ते दिलं की सुटका होते.

गोष्ट शेवटी नाही, मध्येच थांबवा. पात्राला काही ठरवावं लागतं, तिथे.

चिऊकाऊचीच घ्या. शेणाचं घर पावसात वाहून गेलंय, काऊ दार ठोठावतोय आणि चिऊताई म्हणतेय, थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते. मग तीट. मग अंगडं-टोपडं. पहिल्या दिवशी सलग सांगा, एकही प्रश्न नको. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ‘थांब’पाशी थांबा आणि विचारा, “काऊला बाहेर आत्ता काय काय होत असेल?” पंख भिजले, थंडी वाजते, भूक लागली, अशी उत्तरं येतात. ‘त्याला कसं वाटत असेल?’ विचारलंत तर या वयात बहुतेकदा ‘वाईट’ एवढ्यावर गाडी थांबते.

मग चिऊची बाजू. ती दार का उघडत नसेल? कावळा पिल्लं खातो, असं मूल म्हणालं तर खोडू नका, ते खरंच आहे. त्यानंतरच तिसरा प्रश्न: बाळाचं आटपेपर्यंत काऊसाठी काय करता आलं असतं? वळचणीला उभं राहायला सांगता येतं, खिडकीतून दाणे देता येतात. मनात भीती असूनही काय करता येईल, हे मूल इथे शोधतं. माझ्या दृष्टीने सगळी किंमत या प्रश्नाला आहे.

तीन प्रश्न पुरे. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. आपण मोठी माणसं दोन-तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो. “मी तर उघडलंच नसतं” असं उत्तर आलं तर रागावू नका, “का गं?” एवढंच विचारा. ‘शाब्बास, बरोबर’ही टाळा, नाहीतर पुढच्या वेळी ती तुम्हाला आवडेल तेच बोलेल. आणि “काल तू भावाला ढकललंस ना, तसंच हे!” हे तर अजिबात नको. गोष्टीत आपलीच झडती होते हे कळलं की मुलं गप्प बसतात. भांडणाचं भांडणाच्या वेळी बघावं.

एक गोष्ट आठवडाभर चालवा. मधल्या एखाद्या दिवशी तिला काऊ करा, तुम्ही चिऊ व्हा आणि ‘थांब’ म्हणत तिला खरोखर दाराबाहेर मिनिटभर उभं ठेवा.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना एकनाथांची गोष्ट चांगली. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. पण एकनाथ किती थोर, हे सांगत बसू नका. तीच कावड तुम्ही काशीहून खांद्यावर वाहून आणली असती तर पाजली असती का, असं विचारा. ‘नाही’ म्हणणारी मुलं निघतील. त्यांना आधी बोलू द्या.