जंगल राखायचं आणि गावाला रोजगारही हवा, हे एकत्र जमतं का?

जमतं, पण काय सोडायचं हे गावाला ठरवता आलं पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघा. वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये या गावाला सुमारे 1000 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभा बांबू तोडते आणि स्वतः विकते, मजुरीही त्यातूनच निघते. विडीसाठी लागणारा तेंदूपत्ता तोडणं मात्र त्यांनी बंद केलं, हातात येणारा पैसा सोडून! कारण चांगली पालवी यावी म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात. मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरत नाहीत, आणि ही फळं तर पाखरं, अस्वलं, माणसं सगळेच खातात. माझ्या मते हा निर्णय कुठल्याही कागदी आराखड्यापेक्षा मोलाचा आहे.

बांबूतही हिशेब असतो. यंदाचे कोवळे कोंब तोडायचे नाहीत, बेटात काही जुने बांबू आधाराला ठेवायचे, दरवर्षी जंगलाचा वेगळा भाग घ्यायचा. कंत्राटदाराच्या माणसाला पुढच्या वर्षी तिथे यायचंच नसतं, म्हणून तो अख्खं बेट साफ करतो.

वाघाचा प्रश्न मात्र एकट्या ग्रामसभेने सुटणारा नाही. तिथे वनविभाग सोबत लागतोच, आणि नुकसानभरपाई वेळेवर मिळायला हवी.