पुडीतल्या गोळ्यांची नावं

प्रश्न : सिस्टर, माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. काळाचौकीला आमच्या चाळीच्या बाजूलाच दवाखाना आहे. तिथले डॉक्टर गेली २२ वर्षं आमच्या घरचेच झालेत. माझ्या धाकट्याच्या वेळी रात्री दीड वाजता त्यांनीच टॅक्सी करून मला हॉस्पिटलात पोचवलं होतं. सासूबाईंची बोटं आणि गुडघे दुखतात म्हणून दीड वर्षापासून ते दर आठवड्याला सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात. नाव कुठेच नसतं. सुरुवातीला एवढा गुण आला की त्या जिने उतरून देवळात जायला लागल्या. आता चेहरा वाटोळा झालाय, पोट सुटलंय आणि हातापायांच्या काड्या झाल्यात. भांडं जरा लागलं तरी हातावर काळानिळा डाग उठतो. साखर कधी नव्हती, ती मंडळाच्या शिबिरात उपाशीपोटी २१० निघाली. डॉक्टर म्हणाले, "वयाप्रमाणे होणारच." गोळ्यांची नावं विचारली तर, "माझ्यावर विश्वास नाही का?" आमचे हे म्हणतात, त्यांना दुखवू नकोस. डॉक्टर बदलायची वेळ आली हे ओळखायचं कसं?
– सौ. व., काळाचौकी

उत्तर : वहिनी, सगळ्यात आधी एक सांगते. रागाच्या भरात त्या गोळ्या बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी डॉक्टरही नाही. परळच्या पालिका रुग्णालयात ३३ वर्षं वॉर्ड सांभाळलेली परिचारिका आहे. पण वाटोळा चेहरा, सुटलेलं पोट, बारीक हातपाय, काळेनिळे डाग आणि नव्याने चढलेली साखर हे सगळं एकत्र वाचलं की पहिला संशय स्टिरॉइडचा, म्हणजे सूज आणि दुखणं झपाट्याने दाबणाऱ्या औषधाचा येतो. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या शरीराला लागणारं स्टिरॉइड रोज तयार करतात. बाहेरून महिनोन् महिने गोळी मिळत राहिली की त्या काम करायचं सोडतात. मग गोळी अचानक बंद झाली की उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, माणूस कोसळतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. सासूबाईंना उलट्या, भोवळ किंवा गुंगी आली तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत न्या आणि पुडीचं पहिल्याच वाक्यात सांगा.

हे मला माझ्या आईमुळे कळलं. १९९८ साली नायगावला ती अशाच पुडीवर होती. "आईची तब्येत सुधारली हो," असं शेजारणी म्हणायच्या आणि मलाही ते खरं वाटायचं. वॉर्डात मी प्रत्येक गोळीचं नाव, डोस, वेळ लिहून खाली सही करत होते. घरी आईला मात्र बिननावाची गोळी पाण्याबरोबर देत होते, कारण डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे होते आणि विचारणं उद्धटपणाचं वाटायचं. मग मोरीच्या उंबऱ्याला अडखळून आई पडली. साधं पडणं, पण मनगट मोडलं. फोटोत हाडं विरळ दिसली, फार दिवस स्टिरॉइड घेतलं की होतात तशी. रजिस्ट्रार डॉक्टरने विचारलं, "सिस्टर, आईंना कुठल्या गोळ्या चालू आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

स्टिरॉइड हे औषध वाईट नाही. संधिवातात, दम्यात त्याने माणसं वाचतात. पण ते देताना सांगायचं असतं, शक्य तितक्या कमी डोसमध्ये आणि कमी दिवस द्यायचं असतं, साखर, रक्तदाब, हाडं यांच्यावर लक्ष ठेवायचं असतं. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. दीड वर्ष बोटांचे सांधे दुखतायत आणि एकदाही रक्त तपासल्याचा, हाताचा फोटो काढल्याचा उल्लेख नाही. हा आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) असला तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवणारी वेगळी औषधं असतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. दुखणं दाबलं गेलं, पण दुखतं कशाने ते कुणी पाहिलं नाही.

डॉक्टर गोड बोलतो की तुसडा आहे, यावरून काही ठरवू नका. आमच्याकडे एक सर्जन होते, नातेवाइकांशी दोन वाक्यांच्या वर बोलत नसत. पण पोटाला स्वतः हात लावल्याशिवाय त्यांनी कधी कागदावर काही लिहिलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी गुण नसला तर स्वतःचंच निदान खोडून नवं लिहीत. साध्या सर्दीला इंजेक्शन नाकारणारा किंवा "हे माझ्या आवाक्यातलं नाही, मोठ्या रुग्णालयात दाखवा" म्हणणारा डॉक्टर तर धरून ठेवावा. नवं लक्षण सांगितल्यावर जो उठून तपासत नाही, वयावर ढकलतो, आणि औषधाचं नाव विचारलं की विश्वासाची शपथ घालतो, तिथून मात्र निघावं. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी झाल्यात.

आता भांडण न करता कसं निघायचं ते सांगते. दवाखान्यात जाऊन म्हणा, "डॉक्टर, आईंना मोठ्या रुग्णालयात दाखवतोय. तिथे चालू औषधं विचारतील, तेवढी नावं आणि डोस लिहून द्या." यात आरोप काही नाही. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायला हवा, आणि रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्यायला हव्यात. ही मेहेरबानी नाही. तरी टाळाटाळ झाली तर वाद घालत बसू नका. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार नंतरही करता येईल, आधी सासूबाई.

यजमानांना माझा निरोप द्या. त्या रात्रीच्या टॅक्सीचं ऋण खरं आहे, ते विसरा असं मी म्हणणार नाही. दिवाळीला फराळ घेऊन जा, वाटेत भेटले तर वाकून नमस्कार करा. पण ते ऋण आईच्या हाडांतून फेडू नका.

तुम्हाला परळचं केईएम रुग्णालय जवळ आहे. उद्या सकाळी लवकर निघा, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो. मेडिसिनच्या ओपीडीत शिबिराचा साखरेचा कागद न्या, दोन पुड्या न उघडता न्या. सुटी पांढरी गोळी नुसती बघून ओळखता येतेच असं नाही, म्हणून दीड वर्षाची हकीकत तारखांसकट कागदावर लिहून न्या : पुडी कधी सुरू झाली, चेहरा कधी बदलला, डाग कधीपासून. "स्टिरॉइड असेल का?" हे तुमच्या तोंडून विचारा, तिथल्या डॉक्टरांना राग येणार नाही. यजमानांनाही आत बरोबर न्या, म्हणजे उत्तर तेही ऐकतील. आणि निघायच्या आधी सासूबाईंना सकाळची गोळी नेहमीसारखी द्या.